नकाशातला खडक, वहीतली विहीर



बचत गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली, की कारणं ठरलेली असतात. पोरांची फी, दवाखाना, शेळी, शिलाई मशीन. आणि फाल्गुन सरला, विहिरीने तळ दाखवला, की आणखी एक कारण येतं: बोअर. बोअरची गाडी फुटाच्या भावाने चालते. पाणी लागलं तरी तोच भाव, नुसती धूळ उडाली तरी तोच. भोक पडतं शेतात, पण हप्ता चढतो आपल्या नावावर. जमीन सातबाऱ्यावर बहुतेक वेळा घरच्या पुरुषाची असते, कर्ज मात्र गटातल्या बाईचं असतं.

म्हणून आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत ते जमिनीखालच्या खडकाबद्दल, आणि त्या खडकाचा सरकारी नकाशा मोबाइलवर किंवा शाळेतल्या संगणकावर कसा बघायचा, त्याबद्दल. ऐकायला अवघड वाटेल. पण सातबारा वाचायला शिकलो, बँकेचं पासबुक वाचायला शिकलो, तसंच हेही आहे. अक्षरओळख झाली की भीती जाते.

आधी नकाशा कुणी केला ते बघू. आपल्या देशात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण नावाची संस्था आहे. ती १८५१ साली सुरू झाली, मुख्य कचेरी कोलकात्याला. या संस्थेचे लोक हातोडा आणि होकायंत्र घेऊन रानोमाळ पायी फिरतात. ओढ्याची दरड, घाटातली कापलेली बाजू, विहिरीची भिंत, खाण, जिथे जिथे खडक उघडा दिसतो तिथे तो तपासतात आणि कागदावर मांडतात. या संस्थेचे नकाशे आता ‘भूकोश’ नावाच्या संकेतस्थळावर ठेवलेले आहेत. ते कुणालाही बघता येतात.

दुसरी जागा म्हणजे ‘भुवन’. ही इस्रोची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने ती २००९ साली सुरू केली. भुवनवर ‘भूजल’ म्हणून एक भाग आहे. उपग्रहाची चित्रं आणि खडकाची माहिती एकत्र करून कुठल्या भागात भूजलाची शक्यता कशी आहे, ते त्यात दाखवलंय.

तिसरं नाव तुम्ही ऐकलेलं असेल: गुगल अर्थ. म्हणजे पडद्यावर फिरणारा पृथ्वीचा गोळा. बोटाने फिरवा, दोन बोटांनी मोठा करा. आधी भारत, मग महाराष्ट्र, मग पुणे जिल्हा, मग आपलं गाव, आणि शेवटी आपला गोठासुद्धा दिसतो.

आता यातला नकाशा बघायचा कसा? सगळ्यात सोपी रीत म्हणजे संगणकावर भूकोश उघडायचं आणि डाव्या-उजव्या बाजूच्या यादीतून भूशास्त्राचा थर निवडायचा. पडद्यावर रंगीत पट्टे येतात. पण बिनओळखीच्या रंगात आपलं रान सापडत नाही. म्हणून तोच थर गोळ्यावरच्या फोटोवर पांघरायचा. भूकोशवर मोफत नोंदणी केली की थर उतरवून घेता येतो. त्याची फाइल गुगल अर्थमध्ये थेट उघडली नाही, तर ती के.एम.एल. प्रकारात बदलावी लागते. क्यूजीआयएस नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते होतं. भूगोल शिकणारी एखादी कॉलेजची पोरगी किंवा शाळेतले संगणकाचे सर हे काम करून देतील. एकदा बदललेली फाइल गटाच्या पेन ड्राइव्हवर ठेवली, की ती सगळ्यांची.

फाइल उघडली की रंग फोटोवर बसतो आणि खालचं काहीच दिसत नाही. घाबरायचं नाही. थराचा रंग फिका करायची एक सरकती पट्टी असते. ती अर्ध्यावर आणली, की वर रंग आणि खाली आपली घरं, असं दोन्ही दिसतं. ओल्या पातळातून भिंत दिसावी तसं.

आता पहिली गोष्ट करायची ती ओळखीच्या खुणा शोधायच्या. चाकणचा संग्रामदुर्ग, देहू, आळंदी, भामचंद्राचा डोंगर, भंडाऱ्याचा डोंगर. औद्योगिक पट्टा तर लगेच कळतो. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, सावरदरीच्या अंगाने पत्र्याची लांबलचक छपरं चकाकतात. त्यानंतर नदी बघायची. नकाशातली इंद्रायणी आणि फोटोतली इंद्रायणी एकमेकींवर बसतात का? नकाशातली नदी फोटोतल्या नदीपासून बाजूला सरकलेली असेल, तर रंगाचे सगळे पट्टेही तेवढेच सरकलेले आहेत असं समजायचं. ब्लाऊज बेतताना कापडाची घडी जुळली की नाही ते आपण आधी बघतो. तसंच हे.

आता रंगांकडे येऊ. इथे आमच्यातल्या पुष्कळजणींना एकच प्रश्न पडला होता: निळा रंग म्हणजे पाणी का? नाही. आणि हिरवा म्हणजे झाडीही नाही. या नकाशात रंग म्हणजे खडकाची जात. कुठला रंग कुठल्या खडकाचा, हे नकाशाच्या बाजूच्या चौकटीत लिहिलेलं असतं. ती चौकट म्हणजे नकाशाची किल्ली. किल्लीवाचून नकाशा म्हणजे नुसती रांगोळी.

पुणे जिल्ह्याच्या नकाशाची किल्ली वाचताना फार गंमत वाटते. खडकांच्या थरांना दिलेली नावं आपलीच आहेत: इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड. जिथे तो थर नीट दिसला, त्या जागेचं नाव त्याला दिलं. आपण ज्या नदीवर पाणी भरलं, जो घाट वारीत चालून गेलो, तीच नावं देशाच्या नकाशात खडकाची म्हणून नोंदलेली आहेत.

हा सगळा काळा कातळ लाव्ह्याचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा आला. असे थरावर थर. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग याच खडकाने झाकलेला आहे. सह्याद्रीच्या डोंगरांना पायऱ्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या.

हे थर समजून घ्यायला आपल्या तव्यावरचं धिरडं पुरे. धिरड्याची खालची बाजू तव्याला टेकून घट्ट होते. वरच्या बाजूला वाफ निघते आणि जाळी पडते. लाव्ह्याचंही तसंच झालं. प्रत्येक थराचा खालचा आणि मधला भाग घट्ट कातळ. वरच्या भागात वायूचे बुडबुडे राहिले, त्याची जाळी झाली. पुढे त्या जाळीतल्या पुष्कळ भोकांत पांढरे खडे तयार झाले. विहीर खोदताना पांढऱ्या ठिपक्यांचा खडक लागतो, त्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, तो हाच. वाघोलीच्या खाणींत अशाच पोकळ्यांमध्ये निळ्या रंगाचे कॅव्हन्साइट नावाचे खडे सापडतात, ते जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. आणि दोन थरांच्या मधे कधी कधी लाल मातीचा पट्टा लागतो. तो चिकण असतो, पाणी सहजी खाली जाऊ देत नाही.

मग यात पाणी कुठे? घट्ट कातळाच्या पोटात पाणी नसतं. त्याला भेगा असतील, तर त्या भेगांत असतं. वरच्या मुरमात असतं. मांजऱ्या खडक झिजून सैल झाला असेल, तर त्यात असतं. नदीकाठच्या गाळात असतं. म्हणजे बोअर जास्त खोल गेली म्हणून पाणी जास्त लागेल, असं या खडकात मुळीच नाही. भेगच नसेल तर खाली कातळ, आणखी खाली कातळ. उलट, खोल बोअरने मधला पाणी अडवणारा थर फोडला, तर वरच्या विहिरीतलं पाणी खाली उतरून जाण्याचा धोका असतो. एकाच्या बोअरमुळे शेजारणीची विहीर आटली, अशी भांडणं आपण गावोगाव ऐकतो. त्यातली काही खरी असतात ती यामुळे.

आता आजच्या बोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नीट ऐका.

गोळ्यावरचा फोटो बोटाने मोठा केला की जास्त दिसायला लागतं. शेत, बांध, बांधावरचं आंब्याचं झाड. पण त्यावर पांघरलेला खडकाचा नकाशा मोठा केला, तर जास्त काही दिसत नाही. तोच रंग नुसता फुगतो. फोटो जवळ येतो, नकाशा फक्त मोठा होतो.

कारण हा नकाशा पन्नास हजारपटीने लहान केलेला आहे, १ : ५०,००० प्रमाणाचा. म्हणजे नकाशावरचा १ सेंटिमीटर हा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर, आणि १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. तुमचं एक एकराचं चौकोनी रान या नकाशावर किती मोठं येईल? मोहरीच्या दाण्याएवढं. त्या मोहरीच्या दाण्यात बोअर कुठल्या कोपऱ्यात घ्यायची, हे नकाशा कसं सांगणार? दोन रंगांच्या मधली रेघही अशीच. नकाशा करणाऱ्याने ओढ्यात खडक पाहिला, पलीकडच्या टेकडीवर पाहिला, मधे सगळं शेत आणि माती. मधली रेघ त्याने अनुभवाने जोडली. ती रेघ खोटी नाही, पण ती बांधासारखी पक्की नाही.

मग हा नकाशा बिनकामाचा का? अजिबात नाही. आपल्या गावाखाली कुठल्या जातीचे थर आहेत, नदीचा गाळ कुठवर आहे, भूजलाची शक्यता सगळ्या परिसरात चांगली की बेताची, हे तो सांगतो. पोरीसाठी स्थळ बघताना घराण्याची माहिती काढतात, तशी ही खडकाच्या घराण्याची माहिती. मुलगा कसा आहे ते वेगळं बघावंच लागतं.

हे आम्ही एवढं ठासून का सांगतोय? कारण आपला पट्टा विकाऊ झालेला आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखाने आले, कामगार आले, चाळी आल्या, प्लॉट पडले. गुंठ्याचा भाव आणि पाण्याचा भाव जोडीने चढला. अशा वेळी कुणी मोबाइल पुढे धरून म्हणतो, “ताई, हे बघा, सॅटेलाइटमध्ये तुमच्या रानाखाली पाणी दिसतंय.” रंगीत चित्र बघून भलेभले गप्प होतात. पूर्वी पाणाड्या हातात फांदी घेऊन फिरायचा, तेव्हा निदान आपण शंका तरी घ्यायचो. पडद्यावर आलेल्या गोष्टीवर शंका घ्यायला जीभ रेटत नाही. म्हणून चार प्रश्न पाठ करून ठेवा. हा नकाशा कुणी केला? केव्हा केला? त्याचं प्रमाण काय? आणि रंगांची किल्ली कुठे आहे? चारांची उत्तरं मिळाली नाहीत, तर त्या चित्रावर गटाचा एक रुपया टाकायचा नाही.

पश्चिमेकडच्या डोंगरपायथ्याला राहणाऱ्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. दीडशेहून जास्त माणसं गेली. दरड कोसळण्याची शक्यता कुठल्या उतारावर जास्त, याचेही नकाशे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने केलेले आहेत आणि भूकोशवर आहेत. तुमच्या वाडीवर तो थर जरूर पांघरून बघा. पण इथेही तोच नियम लागू. नकाशा उतार सांगतो, घर सांगत नाही. रंग सौम्य दिसला म्हणून डोंगराला पडलेली नवी भेग, वाकलेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा यांच्याकडे काणाडोळा करायचा नाही. असं दिसलं की त्याच दिवशी ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला कळवायचं.

आता पाण्याकडे परत येऊ. नकाशाला मोहरीच्या दाण्याच्या आतलं दिसत नाही. मग ते कुणाला दिसतं? ज्याने तिथे खोदलं त्याला. गावात जेवढ्या विहिरी आणि बोअर आहेत, तेवढ्या जागी खडक उघडून बघितलेला आहे. पण ते कुणी लिहून ठेवलं नाही. आणि फेल गेलेली बोअर तर कुणी बोलूनही दाखवत नाही. घरात दुखवटा असल्यासारखं होतं, तोंडावर दगड ठेवून झाकून टाकतात. खरं म्हणजे फेल बोअरची माहिती फार मोलाची. तिने शेजारच्या बाईचे पैसे वाचतील.

म्हणून आमच्या गटांनी एक वही घातली आहे. तिला आम्ही विहिरीची कुंडली म्हणतो. तिच्यात सहा रकाने आहेत. जागा कुठली. विहीर की बोअर, आणि कोणत्या साली. खोली किती फूट. किती फुटावर काय लागलं: माती, मुरूम, काळा कातळ, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, लाल माती. पाणी किती फुटावर लागलं, किंवा लागलं नाही. आणि पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं. नवी बोअर मारताना तिथे उभं राहून दर दहा फुटांनी निघणाऱ्या भुकटीचा रंग लिहायचा. काळी, तांबडी, पांढरट. चिमूटभर भुकटी कागदाच्या पुडीत बांधून वर फूट लिहिला, तर आणखी चांगलं. जुन्या विहिरींसाठी सासूबाईंना, आजेसासूंना विचारायचं. कुठल्या दुष्काळात कुठल्या विहिरीला पाणी होतं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

मग ही वही घेऊन गोळ्यासमोर बसायचं. प्रत्येक विहिरीवर गुगल अर्थमध्ये एक टाचणी टोचायची. पाणी लागलं तिथे एक रंग, कोरडी गेली तिथे दुसरा रंग, मार्चमध्ये आटते तिथे तिसरा. टाचणीवर बोट ठेवलं की वहीतलं वाक्य दिसेल असं लिहून ठेवता येतं. खाली फोटो, मधे खडकाचा नकाशा, वर आपल्या टाचण्या. मग बघायचं, पाणीवाल्या टाचण्या कुठे एका ओळीत येतात का? एखाद्या ओढ्याला धरून आहेत का? लाल माती सगळीकडे साधारण सारख्या उंचीवर लागते का? गोळ्यावर जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंचीही दिसते, त्यामुळे हा हिशेब करता येतो. असा नकाशा सरकारकडे नाही, तो फक्त तुमच्या गावाकडे असेल. तो घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात गेलात, तर तिथल्या भूवैज्ञानिकाशी बोलणं रिकाम्या हाताने होणार नाही. जागा ठरवताना त्यांचाच सल्ला घ्या. आपली वही हा त्यांच्या सल्ल्याला आधार आहे, त्याची जागा घेणारी गोष्ट नाही.

याच गोळ्यावर मोजपट्टीही आहे. तिचा उपयोग कायद्यासाठी करा. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ प्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला परवानगी लागते. आणि ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरीवर या कायद्याने निर्बंध आहेत. गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून नव्या बोअरच्या जागेपर्यंत मोजपट्टी ओढा. अंतर पडद्यावर येतं. ग्रामसभेत “लांब आहे हो” आणि “जवळ आहे हो” असा वाद घालण्यापेक्षा आकडा ठेवलेला बरा.

आणखी एक. पाणी लागलं म्हणजे ते पिण्याजोगं आहे, असं होत नाही. खडकाचा नकाशा पाण्याची चव सांगत नाही. वसाहतीच्या उताराला विहीर असेल, तर वरच्या अंगाला काय काय आहे ते गोळ्यावर बघा. जुन्या सालांचे फोटोही त्यात उघडतात, शेताची शेड कधी झाली ते कळतं. पण शंका आली तर खात्री पडद्यावर होत नाही, प्रयोगशाळेत होते. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं शिकवलेलं आहे. त्या कोण आहेत ते शोधा, संच धूळ खात पडला असेल तर बाहेर काढा. त्या संचात सगळंच कळत नाही, म्हणून नमुना प्रयोगशाळेतही पाठवा.

तर मैत्रिणींनो, एवढं ऐकून पुढे काय करायचं? आमच्या गटांनी एक नियम घातला आहे, तो तुमच्या बैठकीत मांडून बघा. बोअरसाठी कर्जाचा अर्ज आला, की त्यासोबत वहीचं एक पान जोडायचं. त्या रानाच्या आसपासच्या निदान पाच विहिरींची किंवा बोअरची कुंडली त्या पानावर असली पाहिजे, आणि त्यात फेल गेलेली असेल तर ती आधी लिहायची. सार्वजनिक विहिरीपासूनचं अंतर खाली टाकायचं. मग गटाने चर्चा करायची आणि ठरवायचं. काही वेळा उत्तर येईल, बोअर घ्या. काही वेळा येईल, आहे त्या विहिरीतला गाळ काढा, ओढ्यावर बांध घाला, पाणी मुरवा. दोन्ही उत्तरं चांगलीच, कारण ती बघून दिलेली असतील.

वही पन्नास पानी चालेल. पहिलं पान आपल्याच घरच्या विहिरीचं लिहा.

रामराम.